घोड्याच्या पाठीवरचा बर्फ का वितळत नाही?

एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणू या. डिसेंबरातली दुपार, उत्तर आइसलँडमधलं एक शेत. सगळीकडे पांढरंशुभ्र. त्यात आठ-दहा घोडे उघड्यावर उभे आहेत. माना खाली, शेपट्या वाऱ्याकडे. आयाळीला बर्फाचे गोळे लटकलेले आणि पाठीवर चांगला बोटभर जाडीचा बर्फाचा थर. तबेला कुठे दिसत नाही.

हे चित्र वर्गात दाखवलं तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकतो. "बाई, यांना कुणी आत का घेत नाही?" "यांच्या मालकाला दया नाही का?" मुलांचा कळवळा खरा असतो. पण या प्रश्नांमागे एक गृहीत दडलेलं असतं. ते असं की, जे आपल्याला थंड वाटतं ते घोड्यालाही तितकंच थंड वाटत असणार. हे गृहीत कितपत बरोबर आहे, ते आपण तपासू या. त्यासाठी सगळ्यात चांगला पुरावा त्या चित्रातच आहे. तो म्हणजे पाठीवरचा बर्फ.

घोड्याच्या शरीराचं तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस असतं. म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. बर्फ शून्य अंशाला वितळतो. मग अडतीस अंशांच्या अंगावर बसलेला बर्फ तासन् तास न वितळता राहतो कसा? याचा अर्थ एकच निघतो. आतली उष्णता त्या बर्फापर्यंत पोचतच नाही. पाठीवर बर्फ तसाच टिकून आहे, ही त्या घोड्याची दैना नसून त्याचं अंग ऊब नीट धरून आहे, याची खूण आहे.

कुठले हे घोडे?

आइसलँड हा उत्तर अटलांटिक महासागरातला बेटांचा देश. लोकसंख्या चार लाखांच्याही आत, पण घोड्यांची संख्या मात्र सत्तर हजारांच्या आसपास. नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी जहाजांतून आपले घोडे इथे आणले. त्यानंतर सुमारे हजार वर्षं बाहेरून घोडे येऊ दिले गेलेले नाहीत. आजही तिथे घोडे आयात करायला कायद्याने बंदी आहे. इतकंच नव्हे, तर एकदा देशाबाहेर गेलेला आइसलँडी घोडाही परत येऊ शकत नाही. रोगराई आत येऊ नये हा त्यामागचा हेतू.

हा घोडा बुटका असतो. खांद्यापाशी उंची साधारण १३० ते १४५ सेंटिमीटर, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. उन्हाळ्यात यांतले कितीतरी घोडे डोंगरांतल्या सामाईक कुरणांवर मोकळे असतात. शरद ऋतूत शेतकरी एकत्र येऊन त्यांना खाली हाकून आणतात, वेगवेगळ्या मालकांचे घोडे निवडून वेगळे करतात आणि मग आपापल्या शेतावर नेतात. रोज स्वारीला लागणारे काही घोडे तबेल्यात जातात. बाकीचे, म्हणजे घोड्या, शिंगरं, तरुण घोडे आणि विश्रांतीला सोडलेले घोडे, हिवाळाभर बाहेर राहतात. देशाच्या उत्तर भागात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजावर असतो.

हवेची गोधडी

आता त्या पाठीवरच्या बर्फाकडे परत जाऊ. घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात दोन प्रकारचे केस असतात. आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, राठ केस. ऊब देण्याचं काम खरं तर केस करत नाहीत. केसांच्या दरम्यान अडकून पडलेली स्थिर हवा ते करते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. आपल्या गोधडीतही चिंध्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवाच आपल्याला ऊब देत असते. थंडी वाढली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आकुंचन पावतो, केस उभा राहतो आणि हवेचा थर जाड होतो. आपल्या अंगावर काटा येतो तो याच स्नायूंमुळे. आपल्याला केसांचं दाट आवरण राहिलेलं नाही, त्यामुळे आपल्या काट्याचा उपयोग होत नाही. घोड्याला मात्र होतो.

वरचे राठ केस पागोळ्यांसारखं काम करतात. त्वचेतल्या ग्रंथींमधून येणारं तेल त्यांना लागलेलं असतं. त्यामुळे हलका पाऊस किंवा वितळलेला बर्फ केसांच्या टोकांवरून ओघळून जातो, आतली लव कोरडी राहते.

हा कोट कधी वाढवायचा, हे घोड्याच्या शरीराला कसं कळतं? थंडी पडल्यावर, असं उत्तर आपण पटकन देऊ. पण थंडी पडल्यावर केस वाढवायला घेतले तर फार उशीर होईल. शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीकडे लक्ष ठेवतं. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतात. डोळ्यांना मिळणारा प्रकाश कमी झाला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवतं. पुढच्या संप्रेरकांच्या साखळीतून केसांच्या मुळांना संदेश जातो आणि उन्हाळा पुरता सरण्याआधीच हिवाळी केस यायला लागतात. तबेल्यात रोज सोळा तास दिवे लावून ठेवले, तर घोड्याचं शरीर चकतं आणि हिवाळी कोट नीट वाढत नाही.

पोटातली शेगडी

उष्णता बाहेर जाऊ न देणं हा निम्मा भाग झाला. ती तयारही व्हायला हवी. आपल्याकडे शेणखताच्या खड्ड्यात हात घालून पाहिलेल्या मुलांना आतली ऊब माहीत असते. सूक्ष्मजीव पालापाचोळा कुजवत असतात, तेव्हा ही उष्णता बाहेर पडते. घोड्याच्या पोटात असंच काहीसं चालतं.

घोडा रवंथ करत नाही. गवतातले चिवट तंतू पचवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यात होतं. मोठ्या आतड्याची सुरुवात म्हणजे एक प्रचंड पिशवीच असते. पाचशे किलोच्या घोड्यात या एकट्या पिशवीत सुमारे तीस लिटर ऐवज मावतो. पुढचं आतडं तर याहून मोठं. त्यात राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव तंतू आंबवतात. त्यातून घोड्याला वापरता येतील अशी आम्लं मिळतात आणि शिवाय उष्णताही मिळते. म्हणून कडक थंडीत धान्याची पाटी वाढवण्यापेक्षा वाळलेलं गवत वाढवणं फायद्याचं ठरतं. धान्यातला पिष्टमय भाग लहान आतड्यात लवकर पचतो. गवत मात्र दीर्घकाळ आंबत राहतं, शेगडीत निखारे धुमसत राहावेत तसं.

किती गवत लागतं? साडेतीनशे किलोच्या घोड्याला निव्वळ जगण्यासाठी दिवसाला सुमारे ११,७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाच माणसांचा आहार. वाळल्या गवताच्या हिशेबात हे सहा ते आठ किलो होतात. आता प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत तापमानाची एक खालची सीमा असते. त्या सीमेपर्यंत शरीराला ऊब टिकवण्यासाठी जादा इंधन जाळावं लागत नाही. कपडे न घातलेल्या माणसाची ही सीमा सुमारे २७-२८ अंश सेल्सिअस आहे. थंडीला सरावलेल्या, हिवाळी कोट असलेल्या, भरपूर गवत मिळणाऱ्या घोड्याची सीमा कोरड्या, निवांत हवेत उणे १५ अंशांच्या आसपास आढळली आहे.

या दोन आकड्यांत चाळीसहून अधिक अंशांचं अंतर आहे. मुलांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या अंतरात आहे. उणे पाच अंशांना आपण कुडकुडत असतो, तेव्हा हा घोडा आरामात असू शकतो. सीमेच्या खाली प्रत्येक अंशाला आहार साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे उणे २५ अंशांना सुमारे पाव हिस्सा जास्त.

पण हीच सीमा उन्हाळी कोट असलेल्या, उबदार हवेला सरावलेल्या घोड्याच्या बाबतीत ५ अंशांच्या आसपास असते, हे विसरून चालणार नाही. डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या तुळतुळीत अंगाच्या घोड्यांना आइसलँडचा नियम लावता येणार नाही. सीमा ही केवळ जातीवर ठरत नाही. केस, चरबी, वय, आहार आणि सराव या सगळ्यांवर ती ठरते.

पाय गारठत कसे नाहीत?

चित्रातल्या घोड्यांचे पाय घोटाभर बर्फात आहेत. तिथे केसही तुलनेने कमी. मग पायांतून सगळी उष्णता निघून जात नाही का?

घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या सांध्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाडं, शिरेसारखे चिवट स्नायुबंध आणि त्वचा एवढंच असतं. या ऊतींना फारशी ऊब लागत नाही. शिवाय खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहतं. गरम रक्त आपली उष्णता परतणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे खुरापर्यंत पोचताना ते निवलेलं असतं आणि बर्फाला देण्यासारखी उष्णता त्याच्यात उरत नाही. बर्फावर उभ्या राहणाऱ्या पाणपक्ष्यांच्या पायांतही अशीच व्यवस्था असते.

हिवाळी विश्रांतीला सोडलेल्या घोड्यांचे नाल शेतकरी काढून टाकतात. लोखंडाच्या नालेत बर्फ घट्ट बसतो, त्याचे गोळे होतात आणि घोडा खडावा घातल्यासारखा डळमळत चालतो. ज्यांच्यावर स्वारी करायची असते, त्यांना मात्र बर्फात रुतणारे खिळे असलेले नाल ठोकतात.

खरी अडचण पाण्याची

शेतावरच्या हिवाळी कामांत सर्वांत जिकिरीचं काम कोणतं, तर पाणी. या घोड्याला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. वाळल्या गवतात ओलावा नसल्याने ते टाळता येत नाही. पाणी कमी पडलं तर आतड्यातला ऐवज घट्ट होऊन अडकतो, पोटशूळ उठतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास घोडा दगावतोही. गंमत अशी की थंडीने मेलेल्या घोड्यापेक्षा थंडीत पाणी कमी प्यायल्याने आजारी पडलेला घोडा पशुवैद्याला जास्त भेटतो.

घोडे बर्फ खात नाहीत का? खातात. पण त्याचा हिशेब आपण फळ्यावर मांडू. एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात. वीस लिटर पाणी बर्फातून मिळवायचं तर केवळ वितळवण्यासाठी २० × ८० = १,६०० किलोकॅलरी हव्यात. ते पाणी शून्यापासून ३८ अंशांपर्यंत तापवायला आणखी २० × ३८ = ७६० किलोकॅलरी लागतील. एकूण २,३६०, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या सुमारे वीस टक्के. थंडी बेताची असेल तेव्हा पचनातून तसाही बाहेर टाकला जाणारा ताप या कामी येतो. पण कडक थंडीत हा बोजा जादा गवत जाळूनच उचलावा लागतो. म्हणून शेतकरी वाहत्या ओढ्याजवळचं कुरण निवडतात, हौदातला बर्फ फोडतात किंवा पाणी गोठू नये म्हणून विजेच्या तापकाची सोय करतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत पोनी जातीच्या लहान घोड्यांवर प्रयोग झाले. थंडीत पाणी कोमट करून दिलं, तेव्हा गोठणबिंदूजवळच्या पाण्यापेक्षा ते अधिक प्यायले.

शेतकऱ्याची रोजची फेरी

घोडे बाहेर राहतात, म्हणून शेतकऱ्याला काम नसतं असं मुळीच नाही. दिवसाच्या त्या थोड्या उजेडात तो फेरी मारतो. आधी घोडे मोजतो. एखादा कळपापासून दूर उभा असेल, तर त्याच्याकडे आधी जातो. मग चारा टाकतो, आणि तो एकाच ठिकाणी टाकत नाही. कळपात मानपान कडक असतं. एकच ढीग असेल तर वरचढ घोडे त्याचा ताबा घेतात आणि दुबळ्यांना लाथा मिळतात. म्हणून अंतरा-अंतरावर ढीग करतात, शक्यतो घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्तच.

मग तो हातमोजा काढतो आणि घोड्याच्या केसांत बोटं खुपसतो. ही तपासणी फार महत्त्वाची. दाट हिवाळी कोटामुळे हाडकुळा घोडाही लांबून गुबगुबीत दिसतो. डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. बरगड्या हाताला किती लागतात, त्यावर चरबीचा थर आहे की नाही, हे बोटांनीच कळतं. त्याच वेळी दुसरी गोष्टही समजते. केस केवळ टोकांना ओले आहेत की त्वचेपर्यंत भिजले आहेत? पहिलं असेल तर काळजी नाही. दुसरं असेल तर मात्र काळजी करायला हवी.

व्यवस्था कोलमडते तेव्हा

केस त्वचेपर्यंत भिजले की त्यांच्यातली हवा जाते आणि तिची जागा पाणी घेतं. पाणी हवेपेक्षा चोवीस-पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यातच वारा सुटला, तर बाष्पीभवनानेही उष्णता जाते आणि केस दबून उरलीसुरली हवाही निघून जाते. म्हणूनच उणे १५ अंशांची कोरडी, शांत रात्र घोड्याला सोसते, पण शून्याच्या वर दोन-तीन अंशांवरचा वाऱ्यासहित पाऊस त्याला कापरं भरवतो. तापमापीतला आकडा सौम्य, पण प्रत्यक्ष संकट मोठं. शेजाऱ्याला "आज थंडी कमी आहे" असं म्हणायला लावणारा दिवसच घोड्यांसाठी वाईट ठरू शकतो.

डिसेंबर २०१९ मध्ये याचा कठोर अनुभव आला. १० आणि ११ तारखेला उत्तर आइसलँडवर भीषण वादळ आदळलं. ओला बर्फ आणि त्यासोबत प्रचंड वारा. वीज गेली, रस्ते बंद झाले, शेतकऱ्यांना आपल्याच कुरणापर्यंत पोचता येईना. या वादळात सुमारे शंभर घोडे दगावले. काही बर्फाखाली गाडले गेले, तर काही वाऱ्याच्या रेट्यापुढे सरकत जाऊन कुंपणांत आणि चरांत सापडले. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि रेटा असह्य झाला की त्याच्या दिशेने सरकत जायचं, ही घोड्याची उपजत रीत. मोकळ्या माळावर ती त्याला वाचवते, कुंपण घातलेल्या शेतात तीच घातक ठरू शकते.

त्या भागातले बहुसंख्य घोडे या वादळातून तगले, हेही खरं. पण "हजार वर्षं राहतात तसे राहतील" एवढ्यावर जबाबदारी संपत नाही, हे त्या दोन दिवसांनी दाखवलं. घोडा बाहेर राहू शकतो, तो काही अटींवर. वारा अडवणारा आडोसा हवा, मग तो टेकडीचा उंचवटा असो, झाडांची रांग असो की मुद्दाम उभारलेली फळ्यांची भिंत. आइसलँडच्या नियमांनुसार हिवाळ्यात बाहेर ठेवलेल्या घोड्यांना असा आडोसा मिळायलाच हवा. भरपूर चारा हवा, पाणी हवं, सोबत हवी आणि रोज पाहायला येणारा माणूस हवा. म्हातारे, दात झिजलेले, आजारी घोडे वेळीच आत घ्यायला हवेत.

घोड्यालाच विचारलं तर?

घोड्यांच्या अंगावर झूल घालावी की नाही, यावर घोडे पाळणाऱ्यांत नेहमी वाद असतो. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हा प्रश्न घोड्यांनाच विचारला. तीन पांढरे फलक घेतले. एकावर आडवी पट्टी, म्हणजे "झूल घाला". दुसऱ्यावर उभी पट्टी, म्हणजे "झूल काढा". तिसरा कोरा, म्हणजे "आहे तसंच राहू दे". बक्षिसाचा खाऊ देत तेवीस घोड्यांना या खुणांचा अर्थ शिकवला. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग वेगवेगळ्या हवामानात त्यांना फलक निवडू दिले. उन्हाच्या, छान हवेत घोड्यांनी नाकाने "झूल काढा" दाखवलं. ओल्या, वाऱ्याच्या, गार दिवशी "झूल घाला" दाखवलं.

म्हणजे "घोड्याला थंडी वाजत नाही" हे खरं नाही आणि "बिचारा उघड्यावर आहे" हेही नेहमी खरं नाही. कोणता दिवस कसा आहे, हे पाहायला हवं.

वर्गात करून पाहू

यासाठी घोडा लागत नाही. झाकण असलेले तीन सारखे स्टीलचे डबे घ्यावेत. जुन्या लोकरी स्वेटरचे सारखे तुकडे कापून प्रत्येकाभोवती गुंडाळावेत. तिसऱ्या डब्याचं कापड पाण्यात भिजवून, पिळून गुंडाळावं. तिन्हींत सारखंच, सुमारे ६० अंशांचं पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावं. पहिला डबा वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवावा. दुसरा आणि तिसरा पंख्यासमोर. दर पाच मिनिटांनी अर्ध्या तासापर्यंत तापमानं नोंदवून आलेख काढावा. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगावं. कोरडं असूनही पंख्यासमोरचा डबा पहिल्यापेक्षा किती लवकर निवतो? आणि ओल्या कापडाचा?

आलेख तयार झाला की ते घोड्यांचं चित्र पुन्हा दाखवावं. या वेळी मुलं वेगळे प्रश्न विचारतील, असं आम्हाला वाटतं. वारा कुठून येतोय? बर्फ कोरडा आहे का? मागे आडोसा आहे का? चारा कुठे टाकलाय? बरगड्या कुणी चाचपून पाहिल्या का? पहिल्या प्रश्नातला कळवळा या प्रश्नांतही असेल, आणि तो आता घोड्याच्या उपयोगी पडेल.